मासळीच्या गाडीचा तळ त्याच जागी पुन्हा पुन्हा का सडतो : अॅल्युमिनियमची प्लेट घरी कापून केलेली दुरुस्ती

लक्षण असं असतं. संध्याकाळी गाडीचा हौदा (माल ठेवायचा मागचा भाग) धुऊन ठेवला आणि सकाळी वाळल्यावर पाहिलं, की तळाच्या चेकर प्लेटवर, म्हणजे उठावाच्या काड्या असलेल्या अॅल्युमिनियमच्या पत्र्यावर, स्क्रूच्या डोक्याभोवती पांढरी भुकटी दिसते. बोटाने पुसली की निघते, आठवड्याभरात परत येते. स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने खरवडलं की खाली खळगा लागतो. पुढे त्या खळग्याचं भोक होतं, स्क्रू खिळखिळा होतो, आणि एखाद्या दिवशी क्रेट ओढताना त्याच्याबरोबर निघून येतो. ही भोकं वाटेल तिथे पडत नाहीत. हौद्याखालचे लोखंडी आडवे चॅनल जिथे आहेत, बरोबर त्याच रेषेत पडतात. दोन चॅनलच्या मधली प्लेट पाच वर्षांनीही ठणठणीत असते.

ज्याच्या गाडीला हे होतं त्याला पहिल्यांदा वाटतं की माल हलका मिळाला. मलाही वाटलं होतं. पण माल हलका असता तर मधला भागही गेला असता. तसं झालं नाही, आणि हे लक्षात यायला मला दोन दुरुस्त्या लागल्या.

आमची पिकअप हर्णै बंदरावरून मासळी उचलते. लिलाव झाला की क्रेट भरायचे, बर्फ टाकायचा आणि दापोली, खेड, चिपळूण गाठायचं. वाटेत बर्फ वितळतो, त्यात मासळीचं खारं पाणी मिसळतं आणि ते तळावर हिंदकळत राहतं. कंपनीचा लोखंडी तळ सडल्यावर बॉडीवाल्याने तो काढून त्या जागी ३ मिलिमीटरची अॅल्युमिनियमची चेकर प्लेट घातली होती. प्लेट थेट चॅनलवर, वरून साधे लोखंडी सेल्फ-टॅपिंग स्क्रू. दिसायला छान काम होतं.

पहिली भोकं पडली तेव्हा आम्ही वरून अॅल्युमिनियमची थिगळं लावली. कडेने सिलिकॉन आणि पॉप रिव्हेट. चौदा महिन्यांत थिगळाच्या खालची प्लेट चाळणीसारखी झाली. थिगळ आणि मूळ प्लेट यांच्या सांध्यात खारं पाणी शिरलं आणि ते तिथून कधी वाळलंच नाही. दुसऱ्या वेळी एका मिस्त्रींनी सांगितलं, "भाऊ, स्टेनलेसचे स्क्रू वापरा आणि खाली प्लायवूड द्या, आयुष्यभर बघायला नको." त्यांनी भल्यासाठीच सांगितलं. पण प्लायने पाणी धरून ठेवलं आणि स्टेनलेसच्या प्रत्येक स्क्रूभोवती पूर्वीपेक्षा मोठं भोक पडलं.

तिसऱ्यांदा आम्ही दोघा भावांनी घरीच प्लेट कापून तळ बसवला. त्यावर आता तीन पावसाळे गेले आहेत. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, गाडी उभीच असते, तेव्हा हे काम त्या दोन महिन्यांत करणं सोयीचं. ज्यांना करायचं आहे त्यांनी आधी कारण नीट समजून घ्यावं, कारण कापणं कितीही सुरेख झालं तरी बसवताना चूक झाली की दोन वर्षांनी परत तिथेच.

दोन धातू आणि खारं पाणी

अॅल्युमिनियम लोखंडाला टेकलेलं असेल आणि दोघांच्या मध्ये खारं पाणी असेल, तर तिथे एक छोटी बॅटरी तयार होते. या बॅटरीत झिजतं ते अॅल्युमिनियम. लोखंड उलट काही प्रमाणात वाचतं. पांढरी भुकटी म्हणजे झिजलेल्या अॅल्युमिनियमचाच क्षार. एरवी अॅल्युमिनियमवर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर असतो आणि तो धातूला जपतो, पण मिठातला क्लोराइड तो थर जागोजागी फोडतो. म्हणून घाटावरच्या भाजीच्या गाडीला जे दहा वर्षांत होत नाही ते आमच्याकडे दोन वर्षांत होतं.

स्टेनलेस गंजत नाही म्हणून ते सुरक्षित, असं आपण धरून चालतो. स्वतः ते सहजी गंजत नाही हे खरं, पण खाऱ्या पाण्यात अॅल्युमिनियम आणि स्टेनलेस यांच्यातला विजेच्या दाबाचा फरक अॅल्युमिनियम आणि साध्या लोखंडातल्या फरकापेक्षाही मोठा असतो, म्हणजे बॅटरी आणखी जोरकस. स्टेनलेस वापरू नका असं मी म्हणत नाही, आम्ही वापरलंच आहे. त्याचा धातू प्लेटच्या धातूला कुठेही लागू द्यायचा नाही, एवढीच अट.

रंगाच्या बाबतीतही आपला अंदाज उलटा निघतो. सडतंय अॅल्युमिनियम, म्हणून माणूस अॅल्युमिनियमलाच रंग देतो आणि खालचा चॅनल तसाच ठेवतो. मग क्रेट घासून रंगावर जिथे ओरखडा उठतो तिथे सगळा मारा एकवटतो. आजूबाजूला उघडं लोखंड भरपूर आणि उघडं अॅल्युमिनियम टिचभर, त्यामुळे त्या टिचभर जागेत पार आरपार भोक पडतं. रंग द्यायचा असेल तर आधी लोखंडाला द्या. लोखंड झाकलं की बॅटरीची दुसरी बाजूच बंद होते.

प्लेट घेताना

दुकानात ३ मिलिमीटरला कुणी एक सूत म्हणतं, कुणी एमएम. चेकर प्लेटची जाडी काड्या सोडून मोजतात, म्हणून व्हर्नियर (जाडी मोजायचं साधन) काड्यांच्या मधल्या सपाट जागी लावा. चार बाय आठचा ३ मिलिमीटरचा साधा पत्रा साधारण २४ किलो भरतो, चेकर थोडा जास्त. तेवढाच लोखंडी पत्रा ७० किलोच्या आसपास जातो, म्हणूनच तर आपण अॅल्युमिनियमच्या मागे लागतो. खाऱ्या पाण्यासाठी ५०५२ किंवा ५०८३ ही मॅग्नेशियम मिसळलेल्या अॅल्युमिनियमची जात मागा आणि मिलचं सर्टिफिकेट दाखवायला सांगा. नुसतं "चेकर द्या" म्हटलं तर कुठली जात हाती येईल याचा नेम नाही.

माप

हौदा चौकोनी दिसतो, पण असतोच असं नाही. दोन्ही कर्ण मोजा. आमच्या हौद्याच्या कर्णांत ९ मिलिमीटरचा फरक निघाला. गुण्या लावून सरळ चौकोन कापला असता तर एका कोपऱ्यात प्लेट अडकली असती आणि दुसऱ्या कोपऱ्यात फट राहिली असती. म्हणून बर्फाच्या कारखान्यातून मिळालेले पुठ्ठे जोडून आम्ही पूर्ण आकाराचा साचा केला. बाजूच्या खांबांसाठी लागणाऱ्या खाचा पुठ्ठ्यावर कापून हौद्यात बसवून पाहिल्या आणि मगच प्लेटवर उतरवल्या.

चारी बाजूंनी ४ मिलिमीटर जागा सोडली. उन्हात उभ्या गाडीचा तळ आणि पहाटेचा तळ यांत ४० अंशांचा फरक सहज पडतो. तेवढ्यात १६९० मिलिमीटरची अॅल्युमिनियमची प्लेट दीड मिलिमीटर वाढते, खालचं लोखंड त्याच्या निम्मंच. जागा नसेल तर प्लेट मध्ये फुगते आणि बोल्टच्या भोकांवर ताण येतो. गाडी चालताना तळातून टक-टक आवाज येत असेल तर हे एक कारण असू शकतं.

खुणा मार्करने करा. पेन्सिल नको. पेन्सिलीतलं ग्रॅफाइट हा कार्बन आहे आणि ओलीत तोही अॅल्युमिनियमला खातो. टोकदार लोखंडी खुणीने ओरखडेही काढू नका, निदान जिथे प्लेट वाकवायची आहे तिथे तरी. वाकवताना चीर त्याच ओरखड्यावरून सुरू होते.

आणि सर्वांत महाग पडणारी चूक : जिगसॉने (उभं पातं वर-खाली चालवणाऱ्या हातातल्या विजेच्या करवतीने) चेकर प्लेट मागच्या, सपाट बाजूने कापायची असते, कारण काड्यांवर मशीनचा तळवा डगमगतो. पण मागून कापायचं म्हणजे साचाही उलटा ठेवावा लागतो. आम्ही सुलट ठेवला. डाव्या खांबाची खाच उजवीकडे गेली आणि प्लेट वाया गेली. आता साच्याच्या एका बाजूला मोठ्या अक्षरात "वर" आणि "फाळका इकडे" (फाळका म्हणजे हौद्याचं मागचं उघडणारं दार) असं लिहितो, आणि प्लेटच्या मागच्या बाजूवर साचा ठेवताना "वर" हा शब्द दिसता कामा नये हे तपासतो.

कापताना येणाऱ्या अडचणी

बहुतेकांची पहिली तक्रार अशी : ब्लेड दोन इंच छान चालतं, मग थांबतं, तापतं आणि दातांमध्ये चंदेरी लेप बसतो. ब्लेड बोथट झालं समजून आपण नवं लावतो, त्याचंही तेच होतं. ब्लेड बोथट झालेलं नसतं, भरलेलं असतं. अॅल्युमिनियम मऊ आहे, ६६० अंशांना वितळतं, आणि त्याच्या बऱ्याच आधीच चिकट होतं. कापताना निघालेला कीस दाताच्या टोकाला चिकटतो, त्याच्यावर आणखी चिकटतो, आणि मग दाताऐवजी तो गोळाच प्लेटवर घासत राहतो. जितका जोर लावाल तितकी उष्णता वाढते आणि तितकं जास्त चिकटतं.

यावर दोन उपाय आहेत आणि दोन्ही एकदम करावे लागतात. एक म्हणजे ब्लेड. लोखंडासाठीचं बारीक दातांचं ब्लेड, इंचाला २४ दातांचं, इथे चालत नाही, कारण दोन दातांमधल्या घळीत कीस मावत नाही. ३ मिलिमीटरच्या प्लेटला इंचाला ८ ते १४ दातांचं, अॅल्युमिनियमसाठी म्हणून मिळणारं एचएसएस (हाय-स्पीड स्टीलचं) ब्लेड घ्या. आम्ही १४ दातांपासून सुरुवात केली आणि शेवटी १० दातांच्या ब्लेडवर स्थिरावलो. दुसरं म्हणजे वंगण. आम्ही साधी मेणबत्ती वापरली. कापायच्या रेषेवर जाड घासायची आणि दर अर्ध्या फुटाला मशीन बंद करून ब्लेडवरही घासायची. तेलही चालतं, पण ते ओघळतं, खुणा पुसते आणि मशीनच्या आत जातं. मेण जिथे लावलं तिथे राहतं. एवढं केल्यावर ज्या ब्लेडने एक फूट निघत नव्हता त्याच ब्लेडने पूर्ण आडवा काप निघाला, हे माझ्या डोळ्यांसमोर झालं म्हणून इतकं ठासून सांगतो. काम झाल्यावर मेण थिनरने पुसून काढा, नाहीतर पुढे सीलंट चिकटणार नाही.

भरलेलं ब्लेड फेकू नका. पितळेच्या ब्रशने किंवा टोकदार लाकडी काडीने दातांतला लेप काढला की ते परत चालतं.

मशीनचा वेग मध्यम ठेवा. जिगसॉला पुढे-मागे झुलण्याची सोय असते, तिची कळ शून्यावर ठेवा. ती लाकडासाठी आहे, प्लेटला ती आपटते. तळव्याच्या खाली मास्किंग टेप लावली तर ओरखडे पडत नाहीत.

दुसरी तक्रार, प्लेट नाचते. ब्लेड वर जाताना प्लेटला घेऊन वर जातं, प्लेट परत खाली आपटते, कान बसतात, काप दातेरी होतो आणि कधी ब्लेड तुटतं. प्लेटला ब्लेडच्या दोन्ही बाजूंनी, कापाच्या अगदी जवळ आधार हवा. दोन टेबलांच्या मध्ये लोंबती प्लेट ठेवली की नाचणारच. आमच्याकडे मासळीच्या थर्माकोलच्या पेट्यांची झाकणं होती. ती जमिनीवर सलग मांडली, त्यांच्यावर प्लेट टाकली आणि वरून कापलं. प्लेटला सगळीकडून सारखा आधार मिळतो, ब्लेड खाली थर्माकोलमध्ये शिरतं, काही बिघडत नाही. झाकणांची जाडी ब्लेडच्या लांबीपेक्षा जास्त हवी, नाहीतर टोक फरशीवर आपटतं. थर्माकोलचे कण मात्र लगेच झाडून पोत्यात भरा, ते पऱ्ह्यात आणि तिथून समुद्रात जाऊ देऊ नका.

काप वाकडा जातो तो हात हलतो म्हणून नाही, आधारपट्टी नसते म्हणून. अॅल्युमिनियमचा सरळ चौकोनी पाइप दोन सी-क्लॅम्पने प्लेटवर आवळा आणि मशीन त्याला टेकवून चालवा. ब्लेडपासून तळव्याच्या कडेपर्यंतचं अंतर आधी भंगाराच्या तुकड्यावर काप घेऊन मोजा, मशीनवर छापलेल्या आकड्यावर विसंबू नका. शेवटचे दोन इंच राहिले की कापला जाणारा तुकडा दुसऱ्या माणसाने पेलून धरावा. उचलून नव्हे, नुसता पेलून. वर उचलला की काप मिटतो आणि ब्लेड चिमटीत सापडतं.

खाचेच्या आतल्या कोपऱ्यात आधी १० मिलिमीटरचं भोक पाडा आणि दोन्ही बाजूंचे काप त्या भोकात नेऊन संपवा. काटकोनात संपवलेला काप म्हणजे भविष्यातली चीर. गाडी रोज हादरे खाते, आणि चीर नेहमी अशाच टोकदार कोपऱ्यातून निघते. आमच्या जुन्या तळाला चार खाचांपैकी तीन खाचांतून चिरा गेल्या होत्या.

जिगसॉ नसेल तर हाताची हॅक्सॉ. वेळ लागतो, पण छोट्या तुकड्यांना ती उत्तम. इंचाला १८ दातांचं पान, तेच मेण, आणि पान प्लेटला उभं न धरता तिरपं धरायचं म्हणजे एका वेळी जास्त दात धातूवर राहतात आणि अडकत नाहीत. पत्रा कापायची कातर दीड मिलिमीटरच्या वर विसरा. जवळ शिअरिंग मशीनचं वर्कशॉप असेल तर लांब सरळ काप तिथून करून आणा आणि खाचा तेवढ्या घरी करा, यात कमीपणा काही नाही. आम्हाला त्यासाठी प्लेट घेऊन खेडला जावं लागलं असतं, म्हणून घरी केलं.

ग्राइंडरबद्दल

हे वेगळं लिहितो, कारण बहुतेकांच्या घरी ग्राइंडरच असतो आणि पहिला हात त्याच्याकडेच जातो.

लोखंड कापायची चकती अॅल्युमिनियमला लावली की तिच्या दाण्यांमध्ये अॅल्युमिनियम भरतं. चकती कापायची थांबते, घासायला लागते, एका जागी तापते आणि मिनिटाला ११ हजार फेऱ्यांवर फुटू शकते. अॅल्युमिनियमसाठीच्या वेगळ्या चकत्या मिळतात, घ्यायची तर तीच घ्या. टेबलवरच्या सहाणेच्या ग्राइंडरवर तर अॅल्युमिनियम कधीच धरू नका, कारण भरलेला दगड पुढच्या वेळी दुसऱ्याच माणसाच्या हातात फुटतो.

लाकूड कापायची दातेरी चकती ग्राइंडरला किंवा चार इंची मार्बल कटरला लावणारी माणसं मी पाहिली आहेत. ती चकती प्लेटमध्ये अडकली की मशीन हातातून उडून अंगावर येतं. बोटं गेलेला माणूस आमच्या वाडीत आहे. कृपा करून हे करू नका. ज्यांना सर्क्युलर सॉनेच कापायचं आहे त्यांनी अॅल्युमिनियमसाठीचं, दात मागे झुकलेलं कार्बाइड ब्लेड त्याच मापाच्या, गार्ड असलेल्या मशीनला लावावं आणि ब्लेडवर लिहिलेली फेऱ्यांची मर्यादा मशीनच्या फेऱ्यांपेक्षा जास्त आहे हे वाचूनच सुरू करावं.

आणखी एक धोका फारसा कुणी सांगत नाही. ग्राइंडरने अॅल्युमिनियम घासल्यावर जो बारीक चुरा पडतो तो लोखंडाच्या गंजाच्या चुऱ्यात मिसळला आणि त्यावर पुरेशी तापलेली ठिणगी पडली, तर तो भयंकर उष्णतेने पेटू शकतो. रेल्वेचे रूळ जागेवर जोडायला हीच क्रिया मुद्दाम वापरतात, दोन हजार अंशांच्या वर तापमान जातं. तेव्हा चॅनलचा गंज घासणं आणि प्लेट कापणं एकाच दिवशी एकाच जागी करू नका. मध्ये जागा झाडून, ओल्या फडक्याने पुसून घ्या. अशी आग लागलीच तर तिच्यावर पाणी ओतायचं नाही, कोरडी वाळू टाकायची. आम्ही वाळूची बादली जवळ ठेवूनच काम केलं.

कड आणि भोकं

कापलेल्या कडेला वरच्या अंगाला बर, म्हणजे धारदार खरखरीत कंगोरा, राहते. तिने हातही कापतो आणि क्रेटही. कानस लावा, पण कानशीवर आधी पांढरा खडू घासा, म्हणजे अॅल्युमिनियमचे कण दातांत रुतत नाहीत. ही कानस आणि हा ब्रश अॅल्युमिनियमसाठीच वेगळा ठेवा. लोखंडावर वापरलेल्या ब्रशने प्लेट घासली की लोखंडाचे कण तिच्यात रुततात, आणि प्रत्येक कण म्हणजे नव्या खळग्याची सुरुवात. नव्या कोऱ्या प्लेटवर महिन्याभरात तांबूस ठिपके दिसले तर बहुधा हेच झालेलं असतं.

भोकं पाडताना प्लेटखाली लाकूड घ्या आणि प्लेट आवळून ठेवा. बिट आरपार जाताना प्लेट पकडतं आणि गरकन फिरवतं. प्लेट उचलताना हातमोजे हवेत, ड्रिल चालवताना नकोत. चष्मा कायम. चॅनलमधली भोकं प्लेट बाजूला ठेवून पाडा, म्हणजे लोखंडाचा कीस अॅल्युमिनियमवर पडणार नाही. आणि त्याआधी गाडीखाली झोपून पाहा : ब्रेकचा पाइप, डिझेलचा पाइप, मागच्या दिव्यांची वायर चॅनलला लागून गेलेली असते.

बसवणं

आता खरा मुद्दा. प्लेट आणि चॅनल यांच्यामध्ये पाणी न शोषणारा आणि वीज न वाहू देणारा थर हवा. प्लाय, गोणपाट, चामडं हे सगळं पाणी धरतं. तांब्याचं औषध मारलेलं लाकूड तर आणखी वाईट, त्यातलं तांबं अॅल्युमिनियमला झपाट्याने खातं. टायरच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या बरेच जण लावतात, पण काळ्या रबरात कार्बन असतो आणि तो वीज वाहू देऊ शकतो. आम्ही ३ मिलिमीटरची एचडीपीईची (टणक प्लास्टिकची) पट्टी घेतली, चॅनलपेक्षा दोन्हीकडून अर्धा इंच रुंद. चॅनल घासून एपॉक्सी प्रायमरचे दोन हात दिले, वर रंग, तो आठवडाभर पक्का होऊ दिला, आणि मग बुटाइल टेपने (चिकट रबरी पट्टीने) पट्टी चिकटवली. पावसात रंग वाळत नाही, म्हणून वर ताडपत्री बांधून हे काम केलं. घाई करण्यासारखी ही जागा नाही.

बोल्ट ६ मिलिमीटरचे स्टेनलेस, गोल डोक्याचे. प्लेटमध्ये ९ मिलिमीटरचं भोक, त्यात बाहेरून ८ मिलिमीटरचं नायलॉनचं बुश (बोल्टभोवतीची नळी), आणि डोक्याखाली आधी नायलॉनचा वायसर, त्यावर स्टेनलेसचा. खालून नायलॉन घातलेला नट, म्हणजे हादऱ्याने सुटत नाही. डोकं प्लेटच्या पातळीत यावं म्हणून भोकाला खळगी पाडायचा मोह होतो, पण ३ मिलिमीटरच्या प्लेटमध्ये ६ च्या बोल्टची खळगी जवळजवळ आरपार जाते आणि भोकाची कड पात्यासारखी होते. क्रेटला डोकी लागतात म्हणून आम्ही बोल्टच क्रेटच्या रांगांच्या मध्ये घेतले.

सीलंट पॉलियुरेथेनचं घ्या. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन नको, कारण तो वास ॲसिटिक ॲसिडचा असतो आणि ते सांध्यात अडकतं.

सगळं आवळण्याआधी मल्टिमीटरने तपासा. एक टोक प्लेटला, दुसरं चॅनलला उघड्या धातूवर. बीप आला तर कुठेतरी धातूला धातू लागतोय. आमच्या २४ बोल्टांपैकी दोन बोल्टांचं बुश चेपलं होतं, एकेक बोल्ट काढत गेल्यावर सापडलं. ही तपासणी प्लेट कोरडी असतानाच करा. ओलीत खारं पाणीच वीज वाहून नेतं आणि काही कळत नाही.

तळाला फाळक्याकडे थोडा उतार दिला आणि पाणी काढायला नळी लावली, ती चॅनलच्या खालपर्यंत उतरवून कॅनमध्ये सोडली. आधी ते पाणी चॅनलवरच ओघळत होतं. आणि घाटात मासळीचं पाणी रस्त्यावर सांडलं की मागून येणारी दुचाकी घसरते, हे आपल्या सगळ्या मासळीवाल्यांना माहीत आहे.

वेल्डिंगचं विचारतात म्हणून : आर्गन वेल्डिंगने भोक बुजतं, पण टाक्याच्या आजूबाजूची प्लेट मऊ पडते आणि खालचा लोखंडाचा स्पर्श तसाच राहतो. त्या वाटेला आम्ही गेलो नाही.

रोजचं

फेरी संपली की गोड्या पाण्याने धुवायचं. ब्लीचिंग पावडर वापरली तर ती तळावर वाळू द्यायची नाही, भरपूर पाण्याने लगेच काढून टाकायची. कॉस्टिकने अॅल्युमिनियम उकळल्यासारखं फसफसतं, ते हौद्याजवळही नको. जॅक, साखळी, पाने हौद्यात टाकून ठेवायचे नाहीत, त्यांच्यासाठी प्लास्टिकची पेटी ठेवली आहे.

दर ऑक्टोबरात मी दोन बोल्ट काढून बघतो. गेल्या वेळी काढले तेव्हा बुश स्वच्छ होतं आणि भोकाची कड कापल्या दिवशी होती तशी चकचकीत. फक्त फाळक्याच्या उजव्या बिजागरीपाशी बोटभर जागेत पांढरी भुकटी दिसली. बिजागरीची लोखंडी पट्टी फाळका उघडताना प्लेटच्या कडेला घासत होती. तिथली कड ५ मिलिमीटर मागे कापली, मध्ये एचडीपीईचा तुकडा बसवला आणि मीटर लावून पाहिला, बीप नाही. ती जागा या ऑक्टोबरात पुन्हा बघणार आहे.